भिजलेला मोबाईल तांदळात पुरू नका: पावसाळ्यात या चुका टाळा

कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पाहण्यासाठी हात वरचेवर मोबाईलकडे जातो. पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली, की तो भर पावसातही खिशातून बाहेर निघतोच. त्यामुळे फोन भिजणे ही येथे नवलाई नाही. पण पुष्कळदा तो बिघडतो तो भिजल्यानंतरच्या आपल्या घाईमुळे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ओला फोन चार्जिंगला लावणे. पोर्टमध्ये पाणी असताना पिनांतून वीज वाहिली, की त्या झपाट्याने गंजतात. गेल्या पावसाळ्यात रंकाळ्यावरून दुचाकीने घरी येताना रेनकोटच्या आत असूनही माझा फोन भिजला. मी तो आधी चार्जरला लावला आणि मग, शहाणपणा म्हणून, तांदळाच्या डब्यात पुरला. आठवड्याने दुरुस्ती करणाऱ्याने भिंगाखाली पोर्ट दाखवला, तेव्हा कल्हई गेलेल्या तांब्याच्या भांड्यावर चढावा तसा हिरवा थर पिनांवर होता आणि कोपऱ्यात तांदळाची भुकटी घट्ट बसली होती. तांदूळ फोनच्या आतले पाणी ओढून घेत नाही. ॲपलनेही आपल्या सूचनांत हा उपाय करू नये असेच म्हटले आहे.

फोन भिजल्यास तो ताबडतोब बंद करावा, कोरड्या सुती कापडाने पुसावा, सिमचा ट्रे काढावा, पोर्ट खाली धरून तळहातावर हलके आपटावा आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवून द्यावा. हेअर ड्रायर वापरू नये, कारण उष्णतेने आतील चिकट पट्ट्या सैल होतात. पोर्ट ओला असल्याची सूचना पडद्यावर दिसत असेल, तर ती जाईपर्यंत चार्जर दूरच ठेवावा.

फोन धूळ-पाण्यापासून किती सुरक्षित आहे हे सांगणारा ‘आयपी68’ हा शिक्काही फार मनावर घेऊ नये. ती चाचणी प्रयोगशाळेतील स्वच्छ पाण्यात, नव्या फोनवर होते. वापराने पाणी अडवणाऱ्या आतील पट्ट्या झिजतात, शिवाय पाण्याने झालेला बिघाड बहुतेक वेळा वॉरंटीत बसत नाही.

2019 किंवा 2021 सारख्या पुराच्या गढूळ पाण्यात फोन बुडाला असेल, तर तो सुरू करून पाहूच नये. थेट दुरुस्तीला न्यावा. त्याची पाठ फुगलेली दिसली, तर बॅटरी दाबू किंवा टोचू नये आणि तसा फोन उशाशी घेऊन झोपू नये.