पहिली रायफल घेताय? मुंबईकरांनी या चुका टाळाव्यात

शिकारीसाठी पहिली रायफल कोणती घ्यावी, असं शोधलं की बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले निघतात. तिकडचा सल्ला ठरलेला असतो: .३०८ नाहीतर .३०-०६ या मापाची घ्या, साध्या हरणापासून एल्क या भल्यामोठ्या हरणापर्यंत सगळं त्यात भागतं, काडतुसं सहज मिळतात. तिथल्या माणसासाठी तो सल्ला योग्यच आहे. परवाना काढून, ठरलेल्या हंगामात त्याला शिकार करता येते. पण बोरिवलीत किंवा भांडुपला राहून हाच सल्ला प्रमाण मानला, तर पैसे, वेळ आणि प्रसंगी अब्रूही जाईल. मुंबईत पहिली रायफल निवडताना आधी ती कुठे चालवणार हे ठरवावं लागतं. कॅलिबर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप (यालाच बोअरही म्हणतात), त्यानंतर आपोआप ठरतं.

चूक पहिली: शिकार मनात ठेवून खरेदी

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्याच्या नवव्या कलमाने अनुसूचीतल्या वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. शिकारीची व्याख्याही मोठी आहे. प्राणी मारणं तर आलंच, पण पकडणं, सापळा लावणं, हाकलून काढणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी मोडणं, एवढंच काय, यातलं काही करण्याचा नुसता प्रयत्नही शिकारच धरला जातो. कर्जतला किंवा मुरबाडला मित्राचं फार्महाउस आहे, तिथे ससे आणि तितर फिरतात, मग एखादा मारला तर कुणाला कळणार, असं बोलणारी माणसं मला भेटली आहेत. जमीन मित्राची असली तरी ससा मित्राचा नसतो. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांसाठी वनखात्याची परवानगीची वेगळी पद्धत आहे, आणि ती शेतकऱ्याच्या अडचणीसाठी आहे. शहरातून शनिवार-रविवार येणाऱ्या हौशी माणसाचा तिच्याशी काही संबंध नाही.

म्हणून मुंबईत पहिली रायफल म्हणजे नेमबाजीची रायफल. यात काही कमीपणा वाटून घेऊ नका. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, ते १० मीटर एअर रायफलवर. अंजली भागवत यांची सुरुवात दादरच्या कीर्ती महाविद्यालयात, एनसीसीतून झाली. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं, ते ५० मीटरवर .२२ रायफलने, गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून. हवेच्या दाबाने सुटणारा एअर रायफलचा छर्रा आणि .२२ची गोळी, या दोन लहान बोअरांनी ही पदकं आणली आहेत.

चूक दुसरी: बोअर आणि परवाना यांचा घोळ

अमेरिकेत ‘सगळ्यात सोयीची’ म्हणून गाजलेली .३०८ आपल्याकडे सामान्य परवान्यावर का मिळत नाही, याचं उत्तर शस्त्र नियमांत आहे. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचं लष्करी काडतूस ज्या रायफलीत बसू शकतं, ती प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. .३०८च्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, ७.६२ बसतं, त्यामुळे ती बाद. जुन्या घरांमधून .३१५ बोअरची, इशापूरच्या सरकारी कारखान्यातली रायफल का दिसते, याचं मूळही अशाच नियमात आहे. ब्रिटिशांनी नागरिकांच्या हाती लष्करी .३०३ नको म्हणून वेगळी काडतुसं चालू दिली, त्यातलं हे एक. आजोबांची .३१५ वारसाहक्काने येत असेल तर मुंबईत पोलीस आयुक्तालय आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालय, तिथे रीतसर अर्ज करा. पण शिकायला म्हणून ती हातात घेऊ नका. तिचा धक्का जोरदार, आवाज मोठा, प्रत्येक काडतूस महाग. नवखा माणूस दहा-बारा गोळ्यांतच ट्रिगर ओढताना डोळे मिटायला शिकतो, आणि ती सवय मोडायला पुढे फार कष्ट पडतात.

.२२ लाँग रायफलचा धक्का नाममात्र असतो, पण तिलाही शस्त्रपरवाना लागतो. तिची गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, त्यामुळे ती रेंजवरच चालवायची. हा दुसरा टप्पा समजा.

पहिला टप्पा .१७७, म्हणजे ४.५ मिलिमीटरची एअर रायफल. शस्त्र नियम २०१६ नुसार बोअर .१७७ पेक्षा मोठा नसेल आणि नळीतून निघताना छर्‍याची ऊर्जा २० ज्यूलच्या वर जात नसेल, तर परवाना लागत नाही. विक्रेता ओळखपत्राची नोंद घेतो, ती खुशाल द्या आणि बिल सांभाळून ठेवा. इथेच अनेकजण घसरतात. ‘थोडी जास्त पॉवर’ म्हणून .२२ बोअरची एअर रायफल घेतात, किंवा स्प्रिंग बदलून जोर वाढवून घेतात. पहिलीत बोअर मर्यादेबाहेर जातो, दुसरीत ऊर्जा. ‘बिनपरवाना चालते’ असं दुकानदार तोंडी सांगत असेल तर बोअर आणि ज्यूल बिलावर लिहून मागा.

चूक तिसरी: जोराला अचूकता समजणं

ऑलिंपिकची १० मीटर रायफल अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छर्रा साधारण १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने सोडते. गणित केलं तर ऊर्जा सात-साडेसात ज्यूलच येते. तिच्यासमोरचा दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. जाहिरातीत ‘१००० फूट प्रतिसेकंद’ छापलेली रायफल कागदावर भोकं पसरवत बसते, कारण तिचा ट्रिगर जड, नळीचा दर्जा बेताचा आणि छर्रे कुठलेही.

स्प्रिंगने हवा दाबणारी की आधीच दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरची, हा निर्णय मात्र खरोखर विचार करण्याजोगा आहे. भारतीय बनावटीच्या स्प्रिंग रायफली काही हजारांत मिळतात, त्यांना पंप लागत नाही आणि देखभाल थोडी. पण पिस्टन आधी पुढे झेपावतो आणि नंतर आपटून थांबतो, तेवढ्यात रायफल मागे-पुढे हलते, आणि छर्रा अजून नळीतच असतो. म्हणून स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरली किंवा टेबलावर टेकवून मारली की भोकं भलतीकडे जातात. ती सैल, दरवेळी एकाच जागी, उघड्या तळहातावर ठेवावी लागते. सिलिंडरची रायफल, जिला सगळे पीसीपी म्हणतात, जवळजवळ हलतच नाही आणि शिकणाऱ्याला त्याची चूक स्पष्ट दाखवते. ती महाग, आणि २०० बार दाबापर्यंत हवा भरायला हातपंप किंवा मोठं सिलिंडर लागतं. जर्मन मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, रायफली लाखांच्या घरात जातात. प्रिसिहोलसारख्या भारतीय कंपन्यांची मॉडेलं त्या मानाने परवडतात. आधी काही महिने क्लबची रायफल वापरा, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जाऊन चौकशी करा, आणि मगच पैसे काढा, असं मी प्रत्येकाला सांगतो. सुरुवातीलाच स्वतःची रायफल घेतलीच पाहिजे असा हट्ट धरू नका.

चूक चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात महागडी: अंगाला न बसणारी रायफल

बारा वर्षांच्या मुलीच्या हातात ‘पुढे मोठी होईल’ म्हणून मोठ्यांची साडेचार-पाच किलोची रायफल दिलेली दिसते तेव्हा वाईट वाटतं. ती कंबर मोडून मागे झुकते, मान पुढे काढते, आणि वर्षभरात पाठदुखी घेऊन खेळ सोडते. दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची, लांबी तपासायला सोपी पद्धत आहे. कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा, तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचलं पाहिजे. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. नजर साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या खुणेच्या, मध्यात आली नसेल तर गालाची पट्टी वर-खाली होते का ते बघा. होत नसेल तर ती रायफल सोडा, कितीही सवलत असली तरी.

कुठला डोळा प्रबळ आहे हेही आधी पाहा. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या वस्तूकडे बोट दाखवा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बोट जागेवर राहतं तो प्रबळ. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असला तर रायफल घेण्याआधीच प्रशिक्षकाशी बोला.

भोकं पसरतायत? रायफल विकण्याआधी हे बघा

दस्त्याचे स्क्रू. स्प्रिंगच्या धक्क्याने ते सैल होतात, आणि निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात. मग छर्रे: १० मीटरला सपाट तोंडाचे, एकाच डब्यातले, आणि दोन-तीन प्रकार लावून जो आपल्या नळीला मानवतो तो ठरवा. स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, लावली असेल तर ती एअर रायफलसाठी बनवलेली आहे का? स्प्रिंगचा दुहेरी धक्का साध्या स्कोपला सोसत नाही, शिवाय शंभर यार्डावर जुळवलेल्या स्कोपमध्ये १० मीटरचं लक्ष्य धूसर दिसतं. स्पर्धा खेळायची असेल तर स्कोप चालतच नाही, छिद्राच्या साइटवरच शिका. छर्रा न घालता स्प्रिंगची रायफल झाडू नका, हवेची गादी नसल्याने पिस्टन थेट आपटतो. आणि पिस्टनच्या कक्षात तेल ओतू नका, ते दाबाने पेट घेतं आणि सील जातं.

जुनी पीसीपी घेताना सिलिंडरवरची तारीख वाचा. बहुतेक युरोपीय उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात. ‘स्वस्तात मॅच रायफल’ म्हणून दिसणाऱ्या सौद्यात मुदत संपलेलं सिलिंडर असू शकतं, आणि त्यात २०० बार भरणं जिवावरचं काम आहे.

घरात मारायची असेल तर मागे भिंत नव्हे, छर्रे अडवणारी लोखंडी पेटी हवी, आणि नेम खिडकी, गॅलरी किंवा दाराच्या दिशेला कधीच नको. मारून झाल्यावर हात साबणाने धुवा, छर्रे शिशाचे असतात. लोकलने नेताना रायफल रिकामी, पेटीत बंद, बिल आणि ओळखपत्र सोबत. उघडी रायफल पाहून प्लॅटफॉर्मवर कुणीही घाबरेल, आणि त्याचं घाबरणं रास्तच आहे.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत दमट हवेत नळी आणि साइट गंजतात. प्रत्येक वेळी लोखंडी भाग कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्याला बदला. हातपंपाने भरत असाल तर पंपाचा ओलावा अडवणारा फिल्टर पावसाळ्यात लवकर बदला, नाहीतर पाणी सिलिंडरच्या आत जाऊन बसतं. आणि फोमची पेटी ओली झाली असेल तर रायफल त्यात रात्रभरसुद्धा ठेवू नका.