लेथचा चक उघडून साफ कसा करावा, आणि जॉ परत कसे बसवावेत

लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, जॉमध्ये (जबड्यांत) पकडून फिरवतो तो चक. तीन जॉचा चक ‘गेला’ असं ज्याला म्हणतात, तो बहुतेक वेळा नुसता घाणीने भरलेला असतो. चावी जड फिरते, जॉ मध्येच अडकतो, जॉब आऊट (मध्यावरून हटून) फिरतो, आणि लगेच नवा चक मागवायची भाषा सुरू होते. त्याआधी अर्धा दिवस काढा आणि आहे तो उघडा.

इथे सांगितलंय ते हाताच्या चावीने फिरणाऱ्या, 160 ते 250 मिमीच्या सेल्फ-सेंटरिंग (तिन्ही जॉ एकदम सरकणाऱ्या) चकबद्दल. भोसरी, सातपूर, शिरोली, कुठल्याही शेडमधल्या साध्या लेथवर असतो तोच. सीएनसीवरच्या पॉवर चकचं वंगण वेगळं, त्याला हे नियम लावू नका. चार जॉच्या इंडिपेंडंट चकमध्ये प्रत्येक जॉला स्वतंत्र स्क्रू असतो, त्यामुळे तिथे या लेखातला निम्मा त्रास उरतच नाही.

सामान: ॲलन की, नायलॉन किंवा लाकडी हातोडी, ॲल्युमिनियमचा दांडा, दोन ब्रश, बांबूच्या काड्या, रॉकेल किंवा डिझेल लिटरभर, धागे न सुटणारं सुती कापड, आऊट मोजायला डायल गेज. पेट्रोल आणि थिनर दूर ठेवा. शेजारी ग्राइंडर चालू असताना उघड्या ट्रेमध्ये पेट्रोल ओतणारे लोक आहेत, म्हणून मुद्दाम सांगावं लागतं.

हवेची गन आधी खाली ठेवा

‘हवा मारून घे, साफ होतो’ हा या विषयातला सगळ्यात वाईट सल्ला आहे. जोडलेल्या चकमध्ये हवा मारली की वरचा मोठा कीस उडतो आणि बारीक कण जॉच्या खाचेतून आत, स्क्रोलच्या (जॉ सरकवणाऱ्या सर्पिल आट्याच्या चकतीच्या) आट्यांत जाऊन बसतात. काही कण मागे स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) तोंडाशी जातात. उडालेला कीस डोळ्यांत जातो तो वेगळाच. रोजची सफाई ब्रशने करायची. हवा लागलीच, तर सगळे भाग सुटे करून, धुऊन झाल्यावर, कमी दाबाने आणि गॉगल लावून.

बीडचं (ओतीव लोखंडाचं) काम करणाऱ्यांना हे दुप्पट लागू. कोल्हापूरच्या बाजूला फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग दिवसभर लेथवर चढतं. बीडचा कीस स्टीलसारखा कुरळा निघत नाही, त्याची काळी भुकटी पडते. ती तेलात मिसळली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखीच वागते, आणि चावी फिरवाल तेवढा स्क्रोल झिजत जातो.

चक उतरवणं

मेन स्विच बंद. नुसतं इमर्जन्सी बटण दाबणं म्हणजे बंद करणं नव्हे. चकखाली लेथच्या बेडवर लाकडी फळी टाका. 200 मिमीचा चक साधारण 15 किलोचा भरतो. हातातून सुटला तर बेडला कायमचा घाव पडतो, आणि मध्ये बोट असेल तर बोट जातं. 250 मिमीचा एकट्याने उचलू नका.

बॅकप्लेट (चक आणि स्पिंडल यांना जोडणारी मागची प्लेट) आणि चकची बॉडी यांच्यावर पंचने समोरासमोर एकेक खूण करून मगच बोल्ट सोडा. कॅमलॉक (स्पिंडलवर कॅम फिरवून आवळायचा प्रकार) असेल तर तिथेही हीच खूण, कारण चक पुन्हा त्याच जागी बसला तरच आधीचा सेंटर मिळतो. आट्यांच्या स्पिंडलवर घट्ट बसलेला चक सोडवायला मशीन चालू करून उलटं फिरवायचं आणि जॉ लाकडावर आपटवायचा, हा प्रकार करू नका. बॅक गिअर लावून स्पिंडल अडकवा, जॉमध्ये एक जाड चौकोनी बार पकडा आणि बारच्या टोकाला हाताने झटका द्या.

उघडणं

जॉ बाहेर काढताना चावी उघडायच्या दिशेने फिरवत राहा. आधी 3 नंबरचा सुटेल, मग 2, मग 1. प्रत्येकाखाली हात धरा.

मागची प्लेट ॲलन बोल्टांनी धरलेली असते. पिनियन (चावी ज्यात घालतो ते छोटे गिअर) अडवणारे छोटे स्क्रू किंवा पिना बहुधा मागच्याच बाजूला सापडतात. त्या काढल्याशिवाय पिनियन ओढू नका. तिन्ही पिनियनना आणि त्यांच्या भोकांना जोडीने खुणा करा. एखाद्या पिनियनच्या भोकाशेजारी शून्य किंवा बाण कोरलेला असेल, तर ते भोक लक्षात ठेवा: कारखान्यात चकची अचूकता त्याच पिनियनने आवळून तपासलेली असते, त्यामुळे जॉब शेवटचा घट्ट करताना चावी तिथेच लावायची.

स्क्रोल अडकला असेल तर समोरून, जॉच्या खाचांतून ॲल्युमिनियमचा दांडा टेकवून हलके ठोके द्या. एका खाचेत एक, मग पुढच्या खाचेत एक, असे फिरत. एकाच बाजूने ठोकलं तर स्क्रोल तिरका होऊन आणखी घट्ट बसतो.

धुणं

सगळं ट्रेमध्ये, रॉकेलमध्ये, ब्रशने. आट्यांच्या मुळाशी घट्ट बसलेला थर बांबूच्या काडीने काढा, स्क्राइबरने नव्हे. स्टीलचं टोक आट्याच्या अंगावर ओरखडा काढतं, आणि पुढे जॉ त्या ओरखड्यावर रोज घासतो. कॉटन वेस्ट वापरू नका. त्याचे धागे आट्यांत राहतात आणि कीस धरून ठेवतात. उंचावलेली बर (धातूची वर आलेली कड) दिसली तर बारीक ऑइल स्टोनने तेवढीच मारा. कानस नको. एमरी पेपर तर नकोच, त्याचे कण धुऊनही पूर्ण जात नाहीत.

तेल की ग्रीस

मागच्या बाजूला, जिथे पिनियनचे दात स्क्रोलच्या दातांत बसतात, तिथे थोडं लिथियम ग्रीस. बोटाच्या पेरावर मावेल तेवढं, तिन्ही पिनियनना मिळून. हा भाग बऱ्यापैकी बंद असतो.

पुढच्या बाजूला, म्हणजे स्क्रोलच्या आट्यांवर, जॉच्या दातांवर आणि खाचांत, फक्त तेलाचा पातळ थर. 68 ग्रेडचं स्लाइडवे तेल कापडावर घेऊन पुसा. ओघळ आला तर जास्त झालं. तिथे मूठभर ग्रीस थापणारे ‘भरपूर वंगण, कमी झीज’ असं सांगतात. ग्रीस कीस धरून ठेवतं. महिन्याभरात आत ग्रीस राहत नाही, काळा चिखल राहतो. शिवाय चक वेगात फिरला की जादा ग्रीस आणि तेल बाहेर फेकलं जातं ते थेट तुमच्या शर्टावर.

जॉ परत बसवणं: इथेच सगळे अडकतात

नवशिक्याचा अर्धा दिवस खरा इथे जातो. म्हणून आधी कारण समजून घ्या, कृती नंतर.

स्क्रोल म्हणजे एकच सलग आटा, आतून बाहेर सर्पिल गेलेला. त्याचं बाहेरचं तोंड एका वेळी एकाच खाचेसमोर असतं. ते पहिल्या खाचेतून दुसऱ्या खाचेपर्यंत जाईतो पहिला जॉ एक तृतीयांश पिच (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) आत सरकलेला असतो. तरीही तिन्ही जॉ मध्यावर एकाच वेळी भेटायला हवेत. म्हणून तिन्ही जॉचे दात सारख्या जागी कापलेले नसतात. दर जॉला एक तृतीयांश पिचचा फरक ठेवलेला असतो. पिच 6 मिमी धरला तर फरक 2 मिमीचा. जॉवरचे नंबर याचसाठी असतात.

कृती अशी. चक टेबलावर पाठीवर ठेवा, तोंड वर. 1 नंबरच्या खाचेत बघत चावी बंद करायच्या दिशेने सावकाश फिरवा. आट्याचं तोंड खाचेत दिसलं की थांबा आणि ते जेमतेम दिसेनासं होईल एवढं मागे फिरवा. आता 1 नंबरचा जॉ खाचेत सरकवा, तो आट्याला टेकेपर्यंत. अंगठ्याने आत दाबून धरूनच चावी बंद करायच्या दिशेने फिरवा. आटा दातात शिरला की जॉ हलकेच ओढला जातो. लगेच बाहेर ओढून बघा. आला, तर आटा पकडला गेला नाही.

पुढे फिरवत राहा, पण नजर 2 नंबरच्या खाचेवर. चावीचे फेरे मोजू नका, ते प्रमाण प्रत्येक चकचं वेगळं. तोंड 2 च्या खाचेशी यायच्या किंचित आधी थांबा, जॉ सरकवा, दाबून फिरवा, ओढून तपासा. मग 3. दर वेळी तोंड खाचेला लागायच्या आत जॉ तिथे टेकलेला पाहिजे. उशीर झाला आणि तोंड पुढे निघून गेलं, तर तो जॉ पूर्ण एक पिच मागे राहणार. अशा वेळी ‘बघू पुढे’ म्हणून रेटू नका, उलटं फिरवून सगळे जॉ काढा आणि 1 पासून सुरू करा.

आता जॉब न लावता जॉ पूर्ण बंद करा. तिन्ही टोकं मध्यावर एकदमच टेकायला हवीत. चुकलं असेल तर फरक बघूनच चूक कळते. एक जॉ पूर्ण पिचने मागे असेल तर तोंड हुकलं. 2 आणि 3 ची अदलाबदल झाली असेल तर एक जॉ एक तृतीयांश पिच पुढे आणि दुसरा तेवढाच मागे दिसतो. ‘जॉब पकडल्यावर बसेल आपोआप’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तो जॉब दोनच जॉवर लटकलेला असतो, आणि चक सुरू केला की बाहेर येतो.

नंबर झिजून गेले असतील तर तिन्ही जॉ एका रेषेत, आतली टोकं फळीला टेकवून, दात वर करून शेजारी ठेवा. ज्याचा पहिला दात टोकाच्या सगळ्यात जवळ तो 1, मधला 2, सगळ्यात लांबचा 3. खाचांचे नंबरही गेले असतील तर कुठलीही एक खाच 1 धरा. बंद करताना आट्याचं तोंड ज्या दिशेने जातं त्या दिशेने पुढची 2, मग 3. पण मूळचं नातं हरवल्यामुळे अशा वेळी तिन्ही खाचांतून एकेकदा सुरुवात करून डायलवर तपासा. जिथून सुरू केल्यावर आऊट सगळ्यात कमी येईल, तिथे पंच मारून ठेवा.

तीन सूचना, अनुभवाने कडक झालेल्या. एक, जॉ खाचेत जड जात असेल तर ठोकू नका. खाचेच्या अंगाला कण चिकटलाय, काढा. दोन, बाहेरून आणि आतून पकडायचे जॉचे दोन वेगळे संच असतील तर दोन्हींवर 1-2-3 असतात, त्यांची सरमिसळ करू नका. तीन, दुसऱ्या चकचे जॉ, मेक आणि साइज तीच असली तरी, ‘बसतात’ म्हणून वापरू नका. जॉ त्या-त्या चकवरच घासून जुळवलेले असतात, म्हणून बऱ्याच चकवर बॉडीचा नंबर जॉवरही मारलेला असतो. एकसंध जॉ उलटा फिरवून घालायचा प्रयत्न तर करूच नका. दात वाकडे कापलेले असतात, उलटे बसत नाहीत.

परत चढवणं आणि डायल

स्पिंडलचा टेपर, बॅकप्लेटचं तोंड आणि चकची मागची बाजू कापडाने पुसा, मग तळहात फिरवा. डोळ्याला न दिसणारा कण हाताला लागतो. 150 मिमी व्यासाच्या बैठकीच्या एका कडेला 0.05 मिमीचा कण राहिला, तर चकपासून 150 मिमी पुढे डायलवर 0.10 मिमी आऊट दिसेल. ‘साफ केल्यावर चक जास्तच बिघडला’ ही तक्रार बहुधा या एका कणाची असते. बोल्ट थोडे-थोडे, आळीपाळीने आवळा. कॅमलॉकमध्ये आवळल्यावर कॅमची रेघ दोन व्ही खुणांच्या मध्ये यायला हवी.

ग्राइंड केलेला सरळ बार पकडा. डायल जॉजवळ लावा, मग 100 मिमी पुढे. दोन्हीकडे 0.05 ते 0.08 मिमी आलं तर तीन जॉच्या चककडून आणखी मागू नका. त्यापेक्षा बारीक हवं असेल तर चार जॉचा लावा. दोन्हीकडे सारखंच पण जास्त आलं, तर सेंटर सरकलाय: चक खुणेवर बसवलाय का आणि जॉ बरोबर आहेत का ते बघा. पुढे जास्त आणि जॉजवळ कमी आलं, तर आधी बैठक पुन्हा साफ करा. तरीही तसंच राहिलं तर जॉचं तोंड फाकलेलं असेल. कागदाच्या पट्ट्यांनी हे लगेच कळतं: प्रत्येक जॉखाली एक पट्टी पुढे आणि एक मागे ठेवून आवळा, आणि ओढा. मागच्या घट्ट आणि पुढच्या सुटतात, म्हणजे जॉ फाकलेत. आखूड जॉब फक्त जॉच्या टोकावर पकडण्याने आणि चावीला पाइप लावून आवळण्याने हे होतं. याला उपाय जॉ ग्राइंड करून आणण्याचा, तोही जॉ आवळलेल्या अवस्थेत. घरी हँड ग्राइंडरने नाही.

त्यानंतर

रोज शिफ्ट संपताना ब्रश आणि तेलाचं कापड. आठवड्यातून एकदा जॉ काढून दात आणि खाचा पुसायच्या. बीडचं काम रोजचं असेल तर दर तीन-चार महिन्यांनी, नाहीतर वर्षातून एकदा स्क्रोलपर्यंत उघडायचं. त्याहून जास्त वेळा उघडण्यात फायदा नाही, पिना आणि बोल्टांचे आटे तेवढे सैल होतात.

पावसाळ्यात कोकणपट्टीत आणि कुलंटवर काम करणाऱ्यांनी शनिवारी जाताना चक कोरडा करून तेल लावूनच जायचं. ओला ठेवलेला चक सोमवारपर्यंत तांबडा पडतो. वापरात नसलेला जॉचा संच तेल लावून मेणकागदात गुंडाळा, तिन्ही एकत्र, आणि पाकिटावर चकचा नंबर लिहा.