‘रनवे किती उरलाय?’ : स्टार्टअपमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

स्टार्टअपमध्ये रुजू झालात की ‘रनवे’ हा शब्द लवकरच कानावर पडेल. मूळ अर्थ विमानतळाची धावपट्टी. कंपनीत त्याचा अर्थ, बँकेतली शिल्लक किती महिने पुरेल. पट्टी संपायच्या आत विमान उडायला हवं, म्हणजे एकतर कंपनी स्वतःच्या कमाईवर चालायला हवी किंवा नवी गुंतवणूक यायला हवी.

हिशेब शाळकरी भागाकाराचा आहे. महिन्याचा खर्च वजा त्या महिन्यात खरोखर जमा झालेले पैसे, याला ‘नेट बर्न’ म्हणतात. शिलकेला त्याने भागायचं. समजा खर्च २४ लाख आणि जमा ६ लाख, तर बर्न १८ लाख. बँकेत २ कोटी १० लाख दिसतात. पण त्यातले १२ लाख गोळा केलेला जीएसटी आणि कापलेला टीडीएस असेल, तर ते सरकारचे. उरले १ कोटी ९८ लाख, म्हणजे रनवे ११ महिने. आता दरमहा दीड लाख खर्चाची चार माणसं घेतली की बर्न २४ लाखांवर जातो आणि रनवे सव्वाआठ महिन्यांवर येतो. धावपट्टीच्या रूपकाची खोट इथेच आहे : विमानतळाची पट्टी जागची हलत नाही, ही मात्र दर भरतीला आखडते.

चुका बहुतेक वेळा भागाकारात होत नाहीत, शिलकेच्या आकड्यात होतात. बिल पाठवलं म्हणजे पैसे आले असं धरलं जातं. मोठी गिऱ्हाइकं ९० दिवस सहज लावतात. बँक गॅरंटीसाठी अडकलेली एफडी मोकळी म्हणून मोजली जाते. गुंतवणूक टप्प्याटप्प्याने मिळणार असते, पण जाहीर झालेली सगळी रक्कम हिशेबात धरतात. विम्याचा वार्षिक हप्ता किंवा दिवाळी बोनस ज्या महिन्यात येतो, तो महिना सरासरीत लपतो. शिवाय कंपनी बंद करायची वेळ आलीच, तर नोटिशीच्या काळाचा पगार आणि इतर देणी द्यायलाही पैसे लागतात. त्यामुळे शेवटचे एक-दोन महिने मोजूच नयेत.

नवी गुंतवणूक उभी करण्यात सहा महिने सहज जातात. म्हणून १२ महिन्यांचा रनवे ऐकून निर्धास्त होऊ नका आणि ६ ऐकून लगेच राजीनामाही टाइप करू नका. आधी विचारा, हा आकडा नवी भरती धरून आहे की न धरता? मुलाखतीतसुद्धा हा प्रश्न विचारायला हरकत नाही. नेमका आकडा सांगणं जमत नसेल, तर ‘वर्षाच्या वर की आत’ एवढं तरी सांगता यावं. एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर कंपनीचा ताळेबंद शुल्क भरून पाहता येतो, पण तो जुना असतो. आजची शिल्लक त्यातून कळणार नाही.

मीटिंगमध्ये ‘रनवे वाढवायचाय’ असं कुणी म्हणालं, तर बहुधा भरती थांबणार, प्रवासखर्चाला कात्री लागणार किंवा पगारवाढ लांबणार. शेअर बाजारातल्या मंडळींच्या तोंडी मात्र ‘लाँग रनवे’ ही स्तुती असते. त्यांना म्हणायचं असतं की या धंद्याला वाढायला अजून भरपूर वाव आहे. तिथे शिलकेचा संबंध नसतो.