दूरशिक्षणात नेतृत्व करताना या चुका टाळा

ऑनलाइन बैठकीत "काही अडचण?" असं विचारलं, कुणी बोललं नाही, म्हणजे सगळं सुरळीत चाललंय असं धरून चालणं ही समन्वयकाला सगळ्यात महागात पडणारी चूक. वर्गात उतरलेला चेहरा दिसतो; इथे कॅमेरे बंद असतात. पण थकवा लपत नाही, त्याच्या खुणा तेवढ्या वेगळ्या असतात. एरवी स्वाध्यायावर चार-चार ओळींचे शेरे लिहिणारे शिक्षक अचानक नुसत्या "ठीक"वर आले, की मी त्याच दिवशी फोन करते. आधी "कसे आहात?", कामाचं नंतर. सुरुवातीला "काही नाही हो" असंच उत्तर येतं. तेव्हा फोन ठेवायची घाई करू नका.

पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली. आपल्या आणि इतरांच्या भावना ओळखणं, त्यांतला फरक जाणणं आणि त्या जाणिवेचा विचारात व वागण्यात उपयोग करणं, असा तिचा गाभा. नुसतं गोड बोलणं म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता नव्हे. चुकीचं काम सांभाळून घेत राहणाऱ्या प्रमुखामुळे विद्यार्थ्यांचं नुकसान होतं.

लेखी निरोपात आवाजाचा सूर पोचत नाही. "स्वाध्याय अजून तपासलेले नाहीत. कारण कळवा." हे वाचणाऱ्याला धमकी वाटते. "वीस स्वाध्याय राहिलेत. शुक्रवारपर्यंत जमतील, की दहा दुसऱ्यांकडे देऊ?" यात मुदतही आहे आणि मदतही. रागात लिहिलेला मेल मसुद्यातच राहू द्या, सकाळी पुन्हा वाचा. आणि चूक दाखवायची तर गटावर कधीच नाही.

विद्यार्थी गळायला लागले की बहुतेक प्रमुख आणखी एक नियम, आणखी एक अहवाल लादतात. मला हे सगळ्यात घातक वाटतं. दूरशिक्षणातलं खरं अंतर किलोमीटरचं नसून मनांमधलं असतं, हे दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी त्यांच्या सिद्धांतात मांडलं: संवाद जितका कमी आणि अभ्यासक्रमाची चौकट जितकी ताठर, तितकं ते अंतर वाढतं. म्हणून नवा तक्ता पाठवण्याआधी, दोन स्वाध्याय चुकलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याशी कुणीतरी बोललंय का, ते विचारा.

शेवटची चूक स्वतःबाबतची. तुम्ही रात्री अकराला उत्तरं देत राहिलात, तर शिक्षकांनाही तसंच वागावंसं वाटतं. उत्तर किती तासांत मिळेल ते सगळ्यांना एकदा सांगून टाका. रात्री सुचलेलं लिहून ठेवा, पाठवा मात्र सकाळी.