झुकिनी-भोपळ्याचा वेल अचानक मान टाकतोय? आधी बुंधा बघा

अमेरिकेत घरामागे झुकिनी, लाल भोपळा लावणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे. जुलैत भर दुपारी वेल एकदम मलूल होतो, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं म्हणून अजून पाणी घालत बसतो, पण बऱ्याचदा खोडात अळी शिरलेली असते. हिचं नाव स्क्वॉश वाइन बोअरर, रॉकी पर्वतांच्या पूर्वेला सगळीकडे आहे.

हिचा पतंग दिवसाच उडतो. केशरी पोटावर काळे ठिपके, लांबून गांधीलमाशीच वाटते, म्हणून कोणी त्याच्या वाटेला जात नाही. उत्तरेकडच्या राज्यांत साधारण जूनअखेरीस जमिनीतल्या कोषातून बाहेर येतो. रस्त्याकडेला चिकोरीची निळी फुलं दिसायला लागली की समजा आलाच (हो, फिल्टर कॉफीत घालतात तीच चिकोरी). पिवळ्या वाडग्यात पाणी भरून वाफ्यात ठेवा, फूल समजून येतो आणि बुडतो. एक जरी सापडला तरी कामाला लागा.

मादी बुंध्याजवळ एकेक अंडं घालते, चपटं, तपकिरी, मोहरीहून लहान. 7 ते 10 दिवसांत अळी निघते ती थेट खोडात, मग वरून काहीही फवारा, तिला ढिम्म फरक पडत नाही. म्हणून अंडी असतानाच दर दोन-तीन दिवसांनी बुंधे तपासा आणि नखाने खरवडून काढा. पतंग यायच्या आधी वेलांवर पातळ कापड टाकलं तर उत्तमच, फक्त फुलं आली की काढा नाहीतर मधमाशा आत जाणार कशा. गेल्या वर्षी त्याच वाफ्यात भोपळा असेल तर मात्र कापड नको, कोष मातीतच असतात, पतंग आतच निघतील.

बुंध्याशी ओल्या भुशासारखी घाण दिसली तर ब्लेडने खोडाला उभी चीर द्या, आडवी अजिबात नको, आतली तपकिरी डोक्याची पांढरी अळी काढा, कधीकधी दोन-तीन निघतात. चिरेवर ओली माती दाबा, तिथे नवी मुळं फुटून वेल वाचू शकतो. मेलेला वेल लगेच उपटून कचऱ्यात टाका, कारण 4 ते 6 आठवडे खाऊन अळी पुन्हा मातीत उतरते.

एवढी कटकट नको असेल तर बटरनट जातीचा भोपळा लावा, त्याच्या टणक खोडाला ही अळी फारशी लागत नाही. आणि झुकिनीच हवी असेल तर उत्तरेत जुलैच्या सुरुवातीला पेरा, रोप मोठं होईपर्यंत पतंगाचा जोर ओसरलेला असतो. दक्षिणेत वर्षाला दोन पिढ्या होतात, तिथे ही युक्ती चालत नाही.