उंट एच३ : बुद्धिबळाच्या इंजिनांची तुलना करताना या चुका टाळा

स्पेनमधली लिनारेस स्पर्धा, १९९८. ग्रँडमास्टर टोपालोव (पांढरे) विरुद्ध शिरोव (काळे), काळ्याची ४७वी चाल. पांढऱ्याचा राजा जी१ वर, उंट सी३ वर, प्यादी जी२ आणि एच४. काळ्याचा राजा ई६ वर, उंट एफ५ वर, प्यादी ए४, डी५, एफ६, जी६. काळ्याकडे दोन प्यादी जास्त आहेत, पण उंट विरुद्ध रंगांच्या घरांवरचे असल्यामुळे डाव बरोबरीकडे झुकलेला वाटतो. शिरोवने आपला उंट उचलला आणि एच३ वर, पांढऱ्याच्या प्याद्यासमोर, फुकट ठेवला.

कारण असे. काळ्या राजाला ई४ गाठायचे आहे. ई५ वरून जाता येत नाही, तिथे सी३ च्या उंटाचा मारा आहे. एफ५ वरून जावे तर स्वतःचाच उंट वाटेत उभा. मग उंट हलवायचाच आहे तर असा हलवू की पांढऱ्याची एक चाल वाया जाईल. प्याद्याने उंट मारला, राजा एफ५, पांढरा राजा एफ२, काळा राजा ई४, आणि पांढऱ्या राजाला ई३ बंद. पुढे एफ६ चे प्यादेही पडते, तरी ए आणि डी ही दोन प्यादी एकट्या उंटाला आवरत नाहीत. ५३व्या चालीला टोपालोवने डाव सोडला.

तेव्हाच्या इंजिनांना, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामना, ही चाल सापडत नव्हती, त्यामुळे इंजिन तपासायला लोक आजही हीच पोझिशन घेतात. आणि घेतली की बहुतेक जण त्याच त्या चुका करतात. मीही केल्या आहेत.

उत्तर आधीच दाखवून ठेवणे

ही चूक सगळ्यात मोठी, आणि करताना लक्षातही येत नाही. इंजिनला उंट एच३ सुचत नाही, म्हणून आपण स्वतः ती चाल खेळून बघतो. राजा एफ५, राजा ई४ इथपर्यंत जातो, काळा जिंकतोय हे इंजिनला पटते, आणि मग आपण मागे येतो. आता इंजिन झटकन उंट एच३ दाखवते. आपण खूश! पण त्याने काही शोधलेले नाही. पुढच्या पोझिशनची उत्तरे हॅशमध्ये, म्हणजे इंजिनच्या तात्पुरत्या आठवणीत, पडून होती, ती त्याने उचलली. परीक्षेआधी पेपर हातात दिल्यासारखे झाले हे. प्रत्येक चाचणीआधी ‘क्लिअर हॅश’ करा. तुमच्या प्रोग्राममध्ये ते बटण सापडत नसेल तर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करा. आणि दोन्ही इंजिनांना हॅश सारखाच द्या. एकाला १६ एमबी आणि दुसऱ्याला २ जीबी देऊन केलेल्या तुलनेला अर्थ नाही.

डेप्थचा आकडा म्हणजे खरी खोली, असे समजणे

आपण किती चाली पुढे बघतोय हे इंजिन डेप्थच्या आकड्याने दाखवते. ‘याने डेप्थ ३० ला शोधली, त्याने २४ लाच, म्हणजे दुसरे हुशार.’ नाही. स्टॉकफिश हे इंजिन प्रत्येक चाल ३० पर्यंत तपासत नाही. जी चाल आशादायक वाटत नाही तिला ते कमी खोलीपर्यंत बघते आणि काही फांद्या तर सरळ छाटून टाकते. उंट एच३ मध्ये शह नाही, मार नाही, उलट उंट जातोय. अशी चाल यादीत तळाशी जाते आणि तिच्या वाट्याला फार थोडी खोली येते. डेप्थ ३० लिहिलेले असते तेव्हा या एका चालीची तपासणी त्याहून बरीच उथळ असू शकते. छाटणीचे नियम प्रत्येक प्रोग्रामचे वेगळे, त्यामुळे दोघांची डेप्थ एकाच पट्टीवर येत नाही.

लीला चेस झीरो या इंजिनचा प्रकार तर मुळातच वेगळा. गूगल डीपमाइंडच्या अल्फाझीरोच्या वाटेने जाणारे हे इंजिन न्यूरल नेटवर्कवर चालते आणि सेकंदाला स्टॉकफिशच्या मानाने फारच कमी पोझिशन बघते. म्हणून नोडची (तपासलेल्या पोझिशनची) संख्या तोलणेही चुकीचे. वेळ मोजा. पण ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर लीला चालवून ‘स्टॉकफिशने हरवले’ म्हणू नका. आणि लीला वापरली तर कोणते नेटवर्क होते ते लिहून ठेवा, नेट बदलले की इंजिनच बदलल्यासारखे असते.

आकड्याला आकडा लावणे

डाव कोणाकडे किती झुकला आहे हे इंजिन आकड्यात सांगते, उणे म्हणजे काळा वरचढ. एक म्हणते उणे १.८, दुसरे उणे ३.२. यावरून काही ठरत नाही. आकडा म्हणजे किती प्यादी जास्त, हा अर्थ आता जुना झाला. स्टॉकफिश १५.१ पासून (२०२२) +१.०० चा अर्थ साधारणपणे जिंकण्याची शक्यता ५० टक्के असा घेतला जातो. त्याआधीच्या आवृत्तीचा आकडा वेगळ्या मापाचा. म्हणजे स्टॉकफिशची तुलना जुन्या स्टॉकफिशशी करतानासुद्धा फसगत होते. जमेल तिथे विजय, बरोबरी, पराभव यांची टक्केवारी चालू करा.

मोठ्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तर आधी पेनरोझ पोझिशन बघा. २०१७ मध्ये गाजली होती. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि काळ्या घरांवरचे तीन उंट. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. इंजिने काळ्याला भलताच मोठा आकडा देत. प्रत्यक्षात वजीर आणि हत्ती प्याद्यांमागे अडकलेले, पांढरा राजा पांढऱ्या घरांवर निवांत फिरतो, डाव बरोबरी. असा किल्ला (भेदता न येणारा बचाव) ओळखायची एक खूण आहे: डेप्थ वाढत जाते, आकडा मोठाच राहतो, पण वाढत नाही आणि प्रगतीही दिसत नाही. तेव्हा दोन्ही बाजू इंजिनलाच खेळायला लावा आणि काय होते ते बघा.

एकदाच चालवणे

चार थ्रेड (एकाच वेळी चालणारे समांतर शोध) लावले की त्याच यंत्रावर तेच इंजिन दरवेळी वेगळा वेळ घेते, कारण थ्रेड एकमेकांचा हॅश वापरतात आणि त्यांचा क्रम ठरलेला नसतो. तीन-चारदा चालवा. तेच उत्तर त्याच वेळी हवे असेल तर एक थ्रेड आणि ठरावीक नोड. मल्टीपीव्ही (एका वेळी किती पर्याय दाखवायचे ते सेटिंग) दोघांचा सारखा ठेवा. फोनवर चाचणी घेऊच नका, तापला की वेग पडतो.

टेबलबेसचेही, म्हणजे थोडे मोहरे उरलेल्या पोझिशनच्या तयार उत्तरांच्या साठ्याचेही, असेच. या पोझिशनमध्ये दहा मोहरे आहेत. उंट मारला की नऊ, एफ६ चे प्यादे गेले की आठ, आणखी एक मार झाला की सात. सिझिजी टेबलबेस सात मोहऱ्यांपर्यंत आहे. एका इंजिनला तो जोडला आणि दुसऱ्याला नाही, तर पहिले शोधता शोधता तयार उत्तरांपर्यंत लवकर पोचते. दोघांचा बंद करा किंवा दोघांना द्या.

मला स्वतःला ‘सापडली की नाही’ यापेक्षा ‘कुठे सापडली’ हा प्रश्न उपयोगी वाटतो. प्रत्येक वेळी हॅश साफ करून दोन्ही इंजिनांना आधी मूळ पोझिशन द्या. मग उंट एच३ नंतरची, मग राजा एफ५ नंतरची, मग राजा ई४ नंतरची. आकडा ज्या चालीला उलटतो तिथे त्या इंजिनची नजर संपत होती. एक इंजिन राजा एफ५ ला जागे होते आणि दुसरे राजा ई४ ला, हा फरक कोणत्याही डेप्थपेक्षा जास्त सांगतो.

आणि तरीही दोघांची उत्तरे अगदीच विचित्र आली, तर इंजिनला दोष देण्याआधी फेन (पोझिशन लिहून देण्याची ओळ) तपासा. चाल काळ्याची हवी. घाईत ती पांढऱ्याची राहते, आणि मग आपण तासभर भलत्याच पोझिशनवर वाद घालत बसतो.