दारू घेतली तरी एआरटीची गोळी चुकवू नका
एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारा औषधोपचार. सरकारी एआरटी केंद्रातून बहुतेकांना टीएलडीची एकच गोळी मिळते: टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्ह्युडिन ३०० मिग्रॅ, डोल्यूटेग्राविर ५० मिग्रॅ. ‘आज प्यायलोय, मग गोळी नको’ हा समज सर्वांत घातक. दारूशी मिसळून या गोळीचं विष होत नाही. नुकसान होतं ते डोस चुकल्याने: रक्तातलं औषध उतरलं की विषाणू पुन्हा वाढतो. म्हणून संध्याकाळी पिणाऱ्याने गोळी सकाळच्या न्याहारीसोबतच ठेवावी. राहिलीच तर आठवताक्षणी घ्यावी. दुसऱ्या दिवशी मिळून दोन घेऊ नयेत.

पिण्यानंतर जळजळ होते म्हणून अँटासिड घेतलं जातं. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम डोल्यूटेग्राविर नीट शोषू देत नाही. गोळी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्या. हे सहसा कुणी विचारत नाही, आपणच सांगावं.

क्षयप्रतिबंधक आयसोनियाझिड चालू असताना दारू यकृताला फार महागात पडते. भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी केंद्र गाठा.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र स्वतःच्या मनाने एकदम सोडू नये. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत हात थरथरतात, फिटही येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा.